लाकूड कोरणाऱ्या मेजाला मोटर कोणती?

श्रोतेहो, सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला मोटर निवडायला कोणी शिकवायला नको. विहीर किती खोल, पाणी किती उंच चढवायचे, हे पाहून तो अश्वशक्ती ठरवतो. शेजाऱ्याने साडेसातची बसवली म्हणून तो तीच घेत नाही. पण एखादा हौशी विद्यार्थी संगणकावर चालणारे लाकूड कोरण्याचे मेज, म्हणजे सी. एन. सी. राउटर, घरी बनवायला घेतो, तेव्हा मात्र नेमके हेच विसरतो.

पंपाच्या मोटरीने नुसते फिरायचे असते. मेजाच्या मोटरीने मोजून फिरायचे असते. तिला स्टेपर मोटर म्हणतात. सर्वसाधारण स्टेपर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. दांड्याचे आटे फेऱ्याला 5 मिलिमीटर सरकत असतील, तर एक पाऊल म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग झाला.

आता मेख कुठे आहे, तर साध्या स्टेपरला आपले पाऊल चुकलेले कळत नाही. भार जास्त झाला की ती अडखळते, संगणक आपला पुढे चालू लागतो, आणि उरलेली सगळी नक्षी बाजूला सरकते. सागवानाची फळी फुकट जाते. पाऊल चुकल्याचे सांगणारा एन्कोडर बसवलेल्या मोटरीही मिळतात, पण त्यांना पैसे जास्त पडतात.

मोटरीवर 17 किंवा 23 असा नेमा आकडा असतो. तो ताकदीचा नव्हे बरं का! तोंडाच्या चौकटीची रुंदी 1.7 किंवा 2.3 इंच, एवढाच त्याचा अर्थ. ताकद पाहायची ती टॉर्कमध्ये, म्हणजे पीळ देण्याच्या जोरात. यादीत छापलेला टॉर्क बहुधा मोटर जागच्या जागी उभी असतानाचा असतो. वेग वाढला की तो घटतो. म्हणून कामाच्या वेगाला किती उरतो, ते विचारावे.

हिशेब करून पाहू. कामाच्या वेगाला अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क उरला आणि 5 मिलिमीटरचा साधा स्क्रू घर्षणात बराच जोर खाऊन तीस टक्केच पुढे देत असला, तर ढकलण्याचा जोर सुमारे 19 किलो मिळतो. नव्वद टक्के देणारा बॉल स्क्रू लावला, तर त्याच मोटरीकडून सुमारे 57 किलो! तेव्हा कधी कधी पैसा मोटरीपेक्षा स्क्रूवर घालणे बरे. मात्र बॉल स्क्रूवर वीज गेली की उभा भाग स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकतो. आपल्याकडे वीज जातेच; म्हणून तिथे ब्रेक किंवा तोल धरणारी स्प्रिंग हवी.

शिक्षकबंधूंनो, लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यंत्ररेखन शिकवणारे शिक्षक होते. 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला. शिकवणारा हात आणि घडवणारा हात वेगळे नसतात, याचा हा आपल्याच मुलखातला दाखला.

म्हणून विद्यार्थ्यांना खरेदीला पाठवण्याआधी प्रयोगशाळेतला ताणकाटा द्या. मेजाची सरकपट्टी त्याने ओढायला लावा आणि आकडा वहीत लिहून घ्या. लाकूड कापण्याचा जोर त्यात मिळवा, बेरीज दुप्पट करा, आणि मग मोटर निवडा. वायर जोडताना मात्र स्वतः शेजारी उभे राहा.