गिअरपेटींतील तांबडें तेल

पुण्याहून अहिल्यानगरकडे जातांना महागणपतीचें रांजणगांव लागतें. यात्रेकरूंस तें अष्टविनायकांमुळें परिचित. मोटार बाळगणाऱ्यांस तेथील फियाट व टाटा यांच्या भागीदारीच्या कारखान्यामुळें. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींत तेल कोणतें घालावें, या प्रश्नासाठीं त्याच कारखान्यांतील गाड्या आपण पाहूं.

2017 पासून तेथें जीप कंपास तयार होऊं लागली. तिच्या नऊ गतींच्या डिझेल गाडींत इंजिनाची शक्ति प्रथम तेलाच्या प्रवाहांतूनच पुढें जाते. पेट्रोल गाडींत दोन क्लचांची, सात गतींची पेटी असे. टाटांच्या नेक्सॉनला 2018 मध्यें मिळालेली स्वयंचलित पेटी तर मूळची हातानें चालवावयाचीच. क्लच व दांडा यांचें काम तेवढें यंत्र करतें. तिन्हींत डावा पाय मोकळा, परंतु तेलें निरनिराळीं. दुकानांत जाऊन 'ऑटोमॅटिकचें तेल द्या' म्हणणें हें औषधवाल्याकडे 'तापावरचें कांहीं तरी द्या' म्हणण्यापैकींच आहे.

पहिल्या प्रकारच्या पेटींत तेल शक्ति वाहतें, दांत्यांस वंगण देतें, उष्णता काढून नेतें आणि आपल्या दाबानें क्लचाच्या चकत्या एकमेकींवर आवळतें. खरी मेख या चकत्यांत आहे. तेल फार निसरडें असेल तर त्या घसरून जळतात. फार पकडणारें असेल तर गाडी गचके खाते. हा तोल साधण्यासाठीं अमेरिकेंत पूर्वीं स्पर्म देवमाशाचें तेल मिसळीत. 1970 नंतर त्या प्राण्याला कायद्याचें संरक्षण मिळालें आणि रसायनज्ञांना पर्याय शोधावा लागला. जनरल मोटर्सचें 1967 मधील डेक्सरॉन मऊ पकडीचें, तर त्याच काळांतील फोर्डचें 'एफ' जातीचें तेल झटक्यानें पकडणारें. दोन्ही तांबडीं! तो रंग केवळ गळती ओळखतां यावी म्हणून घातलेला; त्यावरून जात ठरत नाहीं.

म्हणून गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील मानकाचा क्रमांक पाहावा व तोच डब्यावर शोधावा. 'सर्व गाड्यांस योग्य' असें डब्यावर लिहिणारा तेलाचाच विक्रेता असतो. गाडीच्या कर्त्यानें दिलेली मान्यता ही निराळी गोष्ट. नुसती घनता जुळली म्हणजे झालें, असें सांगणारे कारागीरही भेटतात. त्यांचें ऐकूं नये. चकत्यांची पकड घनतेवरून कळत नाहीं.

आणखी एक अडचण अशी कीं, खालचा बूच काढला तरी सगळें तेल उतरत नाहीं. बरेंचसें आंतच राहतें. चुकीचें तेल पडलें तर एकदां बदलून तें पुरतें जात नाहीं. अशा वेळीं गाडी तशीच घाटांत नेण्यापेक्षां पेटी धुवून घेणें स्वस्त पडतें. पुष्कळ नव्या गाड्यांत पातळी पाहण्याची पट्टीही नसते. ठराविक उष्णतेवर, इंजिन चालूं ठेवून ती पाहावी लागते, तेव्हां हें काम घरीं करूं नये. कारखान्यांत मात्र डबा आपल्यासमोर फोडावयास सांगावा, आणि त्यावरील क्रमांक व तारीख गाडीच्या वहींत टिपून ठेवावी.