वाळूचा जमाखर्च



समुद्राच्या लाटांचा विषय नागपुरात कशासाठी, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु देशातील अनेक बंदरांचा अभ्यास करणारी केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था तरी कोठे समुद्रकाठी आहे? मुंबई इलाख्यात १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी सुरू झालेली ही संस्था पुण्याजवळ खडकवासल्यास आहे. तेथे बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत यंत्राने लाटा उठविल्या जातात.

प्रतिकृती शंभरपट लहान केली की तीन मीटरची लाट तीन सेंटिमीटरची होते. काळ मात्र दहापटच आटतो. दर दहा सेकंदांनी येणारी लाट तेथे दर सेकंदाला येते. पाण्याचे गणित असे जुळते. वाळूचे जुळत नाही. वाळूचा कण शंभरपट बारीक केला तर त्याचा चिखल होतो! म्हणून कोळशाच्या भुकटीसारखे हलके द्रव्य वापरावे लागते आणि निष्कर्ष किनाऱ्यावरील प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून पाहावे लागतात. संगणक आल्यानंतरही ही ताडणी सुटलेली नाही.

लाट किनाऱ्यावर तिरपी चढते, माघारी मात्र उताराने सरळ जाते. त्यामुळे वाळूचा कण नागमोडी वाटेने किनाऱ्यालगत सरकत राहतो. या वाटेत भिंत आडवी आली की एकीकडे वाळू साचते आणि दुसरीकडची जमीन उपाशी पडते. मद्रास बंदराच्या भिंती एकोणिसाव्या शतकात समुद्रात गेल्या. दक्षिणेस मरीनाची चौपाटी रुंदावली आणि उत्तरेस रोयापुरमचा किनारा समुद्राने खाल्ला. कोकणात गावोगावी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी होते, ती समजण्यासारखी आहे. मात्र दगडी बंधारा पाठीमागची जमीन राखतो, पुढची पुळण राखत नाही. शिवाय धूप शेजारच्या गावाकडे सरकण्याचा संभव असतो. पुळण पावसाळ्यात ओसरते व पुढे उघडिपीत पुन्हा भरते, म्हणून एका जुलैच्या पाहणीवर निर्णय घेणे धोक्याचे.

आता ही वाळू येते कोठून? मुख्यतः नद्यांतून, आणि येथेच नागपूरचा संबंध येतो. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्यास वैनगंगेला. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. विदर्भाच्या मातीरेतीने गोदावरीचा त्रिभुज प्रदेश घडविण्यास असा हातभार लावला आहे. धरणांनी सिंचन दिले, त्याबरोबर गाळही अडविला. पेंचचा गाळ तोतलाडोहात राहतो, कन्हान व वैनगंगेचा गोसीखुर्दच्या जलाशयात. गोदावरीच्या मुखाशी पोचणारा गाळ गेल्या काही दशकांत लक्षणीय घटला असून तेथील किनाऱ्याचे काही भाग खचत आहेत. याचा सारा दोष रेती उपशावर टाकणे अन्यायाचे होईल. धरणांचा वाटा फार मोठा आहे. तथापि धरण हलविता येत नाही, उपसा मोजता येतो.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रेतीघाटांसाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल आवश्यक ठरविला. २०२० च्या सूचनांत पावसाळ्यात रेती किती भरून येते याच्या अभ्यासावर भर आहे. कन्हानकाठच्या ग्रामपंचायतींनी हा अहवाल मागवून घाटाची पावसाळ्यापूर्वीची व नंतरची पातळी त्याच्याशी पडताळावी. शाळेतील मुलांनाही खुणेचा खांब रोवून ती नोंद ठेवता येईल. खर्च एका खांबाचा व एका वहीचा.