दगडांच्या वहीतील हिशेब



साडी घेणारे गिऱ्हाईक फॉल घेते, अस्तर घेते आणि पुष्कळदा परकरही घेऊनच दुकानाची पायरी उतरते. कापड दुकानातील नवख्या गुमास्त्यालाही हे निराळे शिकवावे लागत नाही. परंतु लाखो बिले समोर पडली, तर त्यांतील कोणत्या वस्तू जोडीने जातात हे माणसाच्या नजरेस उमगत नाही. १९९३ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत राकेश अग्रवाल व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशा जोड्या संगणकाकरवी हुडकण्याची पद्धत मांडली. हेतू निव्वळ दुकानदारीचा होता. तीस वर्षांनंतर हीच विचारसरणी पृथ्वीच्या पोटातील खनिजांना लावली गेली, आणि त्या कामात अग्रभागी होत्या शॉना मॉरिसन या भूशास्त्रज्ञ विदुषी.

मॉरिसन यांची सुरुवात संगणकापासून झाली नाही. अ‍ॅरिझोना विद्यापीठात रॉबर्ट डाउन्स यांच्या हाताखाली त्या स्फटिकांचा अभ्यास करीत होत्या. तेथे खनिजांची मापे व गुणधर्म यांचा एक विशाल संग्रह तयार होत होता. त्याचे नाव ‘रफ’. आणि हे नाव म्हणजे त्यासाठी धन देणाऱ्या दात्याच्या लाडक्या मांजराचे! देणगीच्या कोनशिलेवर मांजराचे नाव कोरलेले क्वचितच पाहावयास मिळते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी मंगळावरील गेल विवरात उतरली. तिच्यातील ‘केमिन’ या उपकरणाच्या पथकात मॉरिसन होत्या. हे उपकरण खडकाच्या भुकटीवर क्ष-किरण टाकते आणि ते कसे विखुरतात यावरून स्फटिकातील अणूंची मांडणी सांगते. मांडणी कळली, तरी त्या खनिजात लोह किती व मॅग्नेशियम किती, हे सरळ कळत नाही. तथापि लोहाचा कण मॅग्नेशियमच्या कणाहून किंचित मोठा असतो. तो मांडणीत शिरला की घर किंचित फुगते. पृथ्वीवरील नमुन्यांची पुरेशी मापे संग्रही असतील, तर त्या फुगण्यावरून कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या खनिजाची घटना ताडता येते. मॉरिसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. जपून ठेवलेल्या जुन्या नोंदी केवढे काम करतात, याचा प्रत्यय त्यांना येथेच आला असावा.

पुढे त्या वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत रॉबर्ट हेझन यांच्यासमवेत काम करू लागल्या. २०१७ साली त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खनिज म्हणजे एक ठिपका, आणि जी खनिजे एकत्र आढळतात त्यांना जोडणारी रेघ, अशी जाळी काढली होती. गावातील सोयरसंबंधांचा नकाशा काढावा, तसाच हा खनिजांचा गोतावळा! संगणकशास्त्र जाणणारे पीटर फॉक्स व अनिरुद्ध प्रभू हेही या कार्यात सहभागी होते.

अशी संगत आपल्याकडेही दिसते. पुण्याजवळ वाघोलीच्या खडीच्या खाणींत निळेभोर कॅव्हान्साइट मिळते, ते बहुधा स्टिल्बाइटच्या सोबतीने. एक दिसले की दुसरे शोधावे, हे दगड हाताळणाऱ्यास ठाऊक असते. मात्र एकच माणूस किती खाणी पाहील?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मॉरिसन व सहकाऱ्यांनी संगणकासमोर ५,४७८ खनिजे आणि २,९५,५८३ ठिकाणे यांची वही उघडून ठेवली. कोणाबरोबर कोण नांदते, हे यंत्र त्या नोंदींवरूनच शिकले; यालाच मशीन लर्निंग म्हणतात. मग एखाद्या ठिकाणच्या ज्ञात खनिजांवरून तेथे आणखी काय असावे, याचे भाकीत मिळू लागले. पडताळ्यासाठी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातील टेकोपा खोरे निवडले. हे एका प्राचीन, आटलेल्या सरोवराचे खोरे असून मंगळावरील स्थितीशी त्याचे साम्य मानले जाते. युरेनियमची व विरळ मृदा मूलद्रव्यांची खनिजे, तसेच विजेऱ्यांना लागणाऱ्या लिथियमचे स्पोड्युमीन कोठे मिळावे, याचेही अंदाज याच पद्धतीने बांधण्यात आले.

मुलीने भूशास्त्र घेतले तर उन्हातान्हात हिंडावे लागेल, त्यापेक्षा संगणक बरा, असा सल्ला घरोघरी ऐकू येतो. हा सल्ला देणाऱ्यांनी मॉरिसन यांचा मार्ग जरूर पाहावा. दगड ओळखण्याची नजर आधी तयार झाली नसती, तर यंत्राला काय विचारावे हेच त्यांना सुचले नसते. आणि यंत्राने दिलेले उत्तर खरे की खोटे, हे ठरविण्यास अखेर वाळवंटातच जावे लागते.

या पद्धतीची एक उणीव संशोधकांनी झाकून ठेवलेली नाही, हे विशेष. ही वही भरली ती खाणमालकांनी, अभ्यासकांनी आणि हौशी संग्राहकांनी. माणूस देखण्या स्फटिकाकडे वळतो, मौल्यवान धातूकडे वळतो. सामान्य करड्या दगडाची नोंद करण्याचे कष्ट कोण घेतो? त्यामुळे वहीत एखादे नाव नसेल, तर ते खनिज तेथे नाही की कोणी पाहिलेच नाही, याचा निवाडा यंत्राला करता येत नाही. त्यासाठी कोणीतरी हातोडी घेऊन त्या ठिकाणी जावे लागते, आणि परतल्यावर जे सापडले नाही तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवावे लागते.