गुलमर्गच्या बर्फावर अकरा वेळा



काश्मीरला जाऊन आलेल्या बायका शाल दाखवतात, केशराची डबी दाखवतात. माझ्याकडे दाखवायला निळे पडलेले गुडघे होते. रेडिओवरून ते दिसत नाहीत, म्हणून सांगते.

फेब्रुवारीत आमच्या गटातल्या बावीस जणी सहलीला गेलो होतो. गुलमर्गला एक दिवस मोकळा होता. आम्ही तिघींनी ठरवलं, स्कीइंग शिकायचं. आमच्यातली सगळ्यांत धाकटी सेहेचाळीस वर्षांची. स्कीइंग म्हणजे पायांत कडक बूट, त्या बुटांना अडकवलेल्या दोन लांब, अरुंद पट्ट्या, हातात दोन काठ्या आणि बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर वर. चार पावलं चाललं तरी धाप लागते.

सकाळचा पहिला तास बुटांतच गेला. पहिला जोड घट्ट, दुसऱ्याचा बक्कल तुटलेला, तिसरा एकदाचा बसला. या बुटात घोटा हलत नाही. बाई चालते ती पायाला प्लॅस्टर घातल्यासारखी. तेवढ्यात बातमी आली, की वर वारा सुटलाय आणि गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा बंद आहे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथून दिसणारी शिखरं बघायची आमची फार इच्छा होती. ती राहिली ती राहिलीच.

शिकवणारा मुलगा तिशीतला, तंगमर्गकडचा. त्यानं आधी पुढे जायला शिकवलंच नाही, थांबायला शिकवलं. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि टाचा लांब फाकवायच्या. अडकित्ता उघडल्यावर दिसतो ना, तसा आकार. त्यानं पट्ट्यांच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. मग पडायला शिकवलं. पडायचं ते कुशीवर. उठताना पट्ट्या उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर अर्धवट उठलेली बाई तशीच खाली निघते.

सगळ्यांत अवघड होतं पुढे झुकणं. उतार दिसला की अंग आपोआप मागे रेलतं. घाट उतरताना आपण तेच करतो आणि तिथे ते बरोबरही असतं. इथे मागे रेललं की वजन पट्ट्यांच्या मागच्या टोकांवर जातं, पुढची टोकं हलकी होतात आणि पट्ट्या ऐकेनाशा होतात. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूवर दाबून धरावी लागते. तो सारखा ओरडत होता, "दीदी, आगे! आगे!" डोक्याला कळत होतं, पण कंबर ऐकत नव्हती.

उतारावरून वर यायला दोरीची लिफ्ट होती. दोन पायांच्या मधे एक चकती धरायची, तिच्यावर बसायचं मात्र नाही. ती नुसती ओढत नेते. सवयीनं आम्ही तिघीही बसलो आणि तिघीही लोळलो. दुपारी धुकं उतरलं, पुढची बाई दिसेना. जेवणापर्यंत माझे नऊ वेळा पडून झाले होते. बोटं गारठलेली, पोटऱ्या ठणकत होत्या. सात-आठ वर्षांची तिथली पोरं शेजारून भुर्रकन निघून जायची.

मैत्रिणींनो, तरीही आम्ही हसत होतो. घरात बाई पडली तर "लागलं का?" असं विचारतात आणि पुढच्याच श्वासात, "आता स्वयंपाकाचं कसं?" त्या उतारावर माझ्या पडण्यानं कुणाचंही काही अडणार नव्हतं. शाळा सुटल्यापासून मी धावले ती बस पकडायला आणि वाकले ती केर काढायला. या अंगाचा नुसत्या खेळासाठी उपयोग करून कितीतरी वर्षं झाली होती.

तीनच्या सुमारास धुकं जरा विरळ झालं. मी निघाले, उजव्या पायावर भार दिला, डावीकडे वळले. डाव्यावर दिला, उजवीकडे वळले. मग टाचा फाकवल्या आणि आपली आपण थांबले. साठ-सत्तर पावलांचं अंतर असेल. पुढच्याच फेरीला पुन्हा पडले, शेवटाला आणखी एकदा. पण त्या साठ पावलांत पट्ट्या माझं ऐकत होत्या.

या खेळात आपल्या देशाच्या बायकांनी नाव काढलेलं आहे. १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार उतरल्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मनालीजवळच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक आणलं.

बर्फाची मात्र आता खात्री राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदानं कोरडी होती. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या घरात जे होतं, ते तिथे बर्फ लांबला की शिकवणाऱ्याच्या, स्लेज ओढणाऱ्याच्या घरात होतं. त्यांची कमाई वर्षातल्या तीन-चार महिन्यांचीच.

कधी गेलात तर एवढं करा. शिकवण्याचे आणि सामानाचे पैसे आधीच ठरवून घ्या. बूट नीट बसल्याशिवाय दुकानातून हलू नका. पाणी आत न शिरणारे हातमोजे आणि काळा चष्मा हवाच, बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार लागतं. गुडघ्याचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा.

आणि काश्मीर लांब वाटत असेल, तर तालुक्याच्या तलावात पोहायला शिका, नातवाची सायकल घ्या. पहिल्या दिवशी जमणार नाही, आणि तरी मजा येईल. कुणी विचारलं, "या वयात कशाला?" तर उत्तर द्यायला थांबू नका.