यंत्रातला भैरव

आम्ही दोडामार्गच्या बचत गटातल्या बायका. हप्ते जमा झाले की थोडा वेळ मोबाईलवर गाणी लावतो. तशीच एकदा चरणजित सिंग यांची रेकॉर्ड सापडली.

हे मुंबईचे वादक. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत त्यांनी साथ केली. १९८२ साली त्यांनी दहा रागांची एक रेकॉर्ड बनवली. सगळं जपानी इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, ठेकासुद्धा यंत्राचाच.

सुरुवातीला वाटलं, भाताची गिरणीच सुरू झाली! एकच ठेका, थांबायचं नाव नाही. पण त्या धडधडीतून हळूहळू भैरव वर आला. आमच्या भजनातल्या पेटीवालीने तो लगेच ओळखला. दशावताराची पेटी ऐकत वाढलेल्या कानांना यंत्र नवं होतं, सूर ओळखीचे होते.

तेव्हा ती रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० साली परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर वाजली. चरणजित २०१५ साली वारले, पण कौतुक डोळ्यांदेखत झालं. उशिरा का होईना, लोक त्यांच्यापर्यंत पोचले, कारण रेकॉर्डवर नाव होतं.

आपल्या जात्यावरच्या ओव्या, फुगडीची गाणी कुणाच्या नावावर आहेत? ज्या आजीला ती येतात, तिला विचारून मोबाईलवर घ्या. पंखा बंद करा, फोन हातभर लांब ठेवा. आधी तिचं नाव आणि गाव तिच्याच तोंडून येऊ दे, मग गाणं. आम्ही सुरुवात केली आहे. तुम्हीही करा.