रिकामी पिशवी

(भोईवाडा येथे तरुण संघाच्या उपासनेत दिलेले भाषण)



रेव्ह. गॉर्डन हॉल यांच्या मृत्यूला यंदा २० मार्च रोजी २०० वर्षे झाली. त्यानिमित्त आपल्या तरुण संघाची मुले-मुली सिन्नरहून दोडी-दापूरपर्यंत पायी चालली. मीही त्यांच्याबरोबर होतो.

हॉलसाहेब फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. परत जाण्याचा हुकूमही झाला होता. तरी ते राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतराला लागले. मार्च १८२६ मध्ये दोन ख्रिस्ती मुलांना घेऊन ते नाशिकला गेले. तेथे पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधे त्यांनी रोग्यांना वाटली आणि परत निघाले. दोडी-दापूरला देवळाच्या ओसरीवर त्यांनी पथारी टाकली. जवळच पटकीचे रोगी पडले होते. पहाटे त्यांनाही पटकीने गाठले. उरलेले थोडे औषध घेतले, पण ते पोटात राहिले नाही. काही तासांत ते प्रभूकडे गेले. बरोबरच्या मुलांनी खटपट करून कबर खणवली आणि त्यांना घोंगडीत गुंडाळून मातीआड केले. वय अवघे ४१. मी आज ४४ वर्षांचा आहे.

आमच्या पदयात्रेत एक मुलगा हॉलसाहेब झाला होता. काळा कोट, काठी आणि खांद्याला औषधांची पिशवी. लांबून कळावे म्हणून तिच्यावर लाल क्रूस मीच शिवून घेतला होता. पिशवी भरलेली दिसावी म्हणून आत जुनी वर्तमानपत्रे कोंबली, तीही मीच.

दुपारी आम्ही एका शेताच्या बांधावर सावलीला बसलो. तेथे कांदा काढायला सुरगाण्याकडची टोळी आली होती. त्यांतली एक बाई लेकराला काखेत घेऊन आमच्याकडे आली. पिशवीवरचा क्रूस पाहून म्हणाली, “दादा, पोराला रात्रीपासून जुलाब होताहेत. काही औषध द्या.”

कोट घातलेल्या मुलाने माझ्याकडे पाहिले. माझी मान खाली गेली.

बाळाचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. औषध नव्हते, पण पिण्याचे पाणी होते, चहाची साखर होती, डब्याबरोबर आणलेले मीठ होते. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नर्सिंग शिकणारी आपली एक मुलगी ते चमच्या-चमच्याने पाजत बसली. मग आमच्या टेम्पोतून मायलेकांना सरकारी दवाखान्यात नेले. संध्याकाळी पोर बसून बिस्किट खात होते. देवाची स्तुती असो!

हॉलसाहेबांच्या काळी पटकीवर हा उपाय कोणाला ठाऊक नव्हता. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी देऊन पटकीचे कितीतरी रोगी वाचवले. आज ते आपल्या स्वयंपाकघरात आहे.

परतताना एका मुलाने विचारले, “सर, हे नाटक आपण करायलाच नको होते का?” मी म्हणालो, “करायला हवे होते. पण पिशवी भरून.” हॉलसाहेबांची पिशवी वाटून रिकामी झाली होती. आमची मुळातच रिकामी होती. लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवा. त्याला दया आली, आणि त्याच्याजवळ तेल व द्राक्षारसही होता.

भोईवाड्यात आपल्याला केईएम आणि टाटा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पाड्यावरच्या आईला दवाखान्यासाठी आधी डोंगर उतरावा लागतो. पावसाळ्यात ओढा भरला की तेही बंद. म्हणून तरुण संघाने ठरवले आहे, की पावसाळ्यापूर्वी आमच्या पाड्यांवरील स्वयंसेविकांसाठी ४० पिशव्या भरायच्या. प्रत्येकीत ओआरएसची पाकिटे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, मापाचा चमचा आणि चित्रांतून दाखवलेली कृती. शिवणकाम महिला मंडळाने घेतले आहे.

उपासनेनंतर दाराजवळच्या टेबलावर नावे द्यावीत. नमुन्याची पिशवी तेथे ठेवली आहे. ती तीच आहे. वर्तमानपत्रे तेवढी काढली आहेत.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.