कापलेल्या सिनेमातली बाई

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘माध्यमं आणि आपण’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

आपण सगळ्याजणी वस्तीत, गावात, शाळेत काम करताना सिनेमाचा वापर करतो. एखादा सिनेमा दाखवायचा, मग गोल करून बसायचं आणि बोलायचं. भाषणाने जे होत नाही ते सिनेमाने होतं, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. पण आपण दाखवतो तो सिनेमा नेमका कोणता, हे सहसा आपण विचारत नाही. कारण आपल्याकडे एका सिनेमाच्या तीन-चार आवृत्त्या असतात. दिग्दर्शकाने केलेली एक, थिएटरात लागलेली दुसरी, टीव्हीवर येणारी तिसरी. या आवृत्त्यांमध्ये जे कमी-जास्त होतं, त्यात बाईचं काय होतं, एवढ्यापुरतंच मी आज बोलणार आहे.

आधी थोडं कायद्याबद्दल. १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा सांगतो की मंडळाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय सिनेमा लोकांना दाखवता येत नाही. सुरुवातीला प्रमाणपत्रं दोनच होती. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९८३ साली त्यात ‘यूए’ आणि ‘एस’ यांची भर पडली आणि मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द जाऊन ‘प्रमाणन’ आला. नाव बदललं, पण कात्री तिथेच राहिली. निर्माता सिनेमा घेऊन जातो, समिती बघते आणि सांगते, ‘असाच हवा असेल तर ए मिळेल. हे आणि हे कापलंत तर यूए देऊ.’ निर्माता हिशोब करतो. ‘ए’ म्हणजे घरातली पोरंबाळं घेऊन येणारा प्रेक्षक गेला आणि टीव्हीचे पैसेही अडले. मग तो स्वतःच कापून आणतो. वरवर पाहता जबरदस्ती कुणी केलेली नसते. सौदा झालेला असतो.

या सौद्यात पहिल्यापासून काय कापलं गेलं, ते पाहण्यासारखं आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांवर एक छोटा माहितीपट केला. एकीकडे श्रीमंती, दुसरीकडे ती श्रीमंती उभारणाऱ्यांचं दारिद्र्य. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीतली दृश्यं होती. मंडळाने ‘ए’ दिलं. अब्बास यांनी वर दाद मागितली, तेव्हा सरकारने सांगितलं की ती दृश्यं कापा, ‘यू’ देतो. म्हणजे शहराच्या गोष्टीतून तिथली सगळ्यात गरीब बाई काढून टाकली की गोष्ट सर्वांनी बघण्याजोगी! अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असताना सरकारने न कापता ‘यू’ द्यायची तयारी दाखवली, तरी त्यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. १९७० साली निकाल लागला. सिनेमा आधी तपासण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण त्याचबरोबर असंही म्हटलं की लैंगिकता आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नव्हेत. विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे बघा. पुढच्या पन्नास वर्षांत निकालाचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुसरा पुन्हा पुन्हा विसरला गेला.

आता टीव्हीकडे येऊ, कारण आपल्या बायका सिनेमा बघतात तो मुख्यतः तिथे. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने केबलवरून ‘ए’ सिनेमे दाखवण्याला चाप लावला. त्यानंतर टीव्हीसाठी सिनेमा पुन्हा कापून ‘यूए’ करून घेण्याची रीतच पडली. २०२३च्या कायदादुरुस्तीने तर टीव्ही आणि इतर माध्यमांसाठी वेगळं प्रमाणपत्र देण्याची सोयही केली. मुलं घरात असतात, त्यांचा विचार व्हायलाच हवा, हे मी एक कार्यकर्ती म्हणून अमान्य करणार नाही. पण याचा परिणाम कुणावर होतो ते बघा. रात्री नऊचा खेळ बघायला थिएटरात जातो कोण? पुरुष. त्याला सिनेमा पूर्ण बघायला मिळतो. घरकाम उरकून टीव्हीपुढे बसणारी बाई चाळीस वर्षांची असली, तीन पोरांची आई असली, तरी तिला मुलांसाठी कापलेला सिनेमा बघावा लागतो. २०२१पासून मोबाइलवरच्या सिनेमांना वेगळे नियम आहेत. तिथे कंपन्या स्वतःच वयोगट ठरवतात आणि पुष्कळदा न कापलेली आवृत्ती मिळते. पण चांगला मोबाइल घरात कुणाच्या खिशात असतो, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

यात नुसती करमणूक कमी होत नाही, गोष्टीचा अर्थच बदलतो. आमच्या वस्तीतल्या बचत गटात एकदा एका हिंदी सिनेमावर बोलणं चाललं होतं. बायकांनी तो टीव्हीवर पाहिला होता. नायिका नवऱ्याला सोडून जाते. एक ताई म्हणाल्या, ‘एवढं काय केलं होतं त्याने? दोन शब्द बोलला, तेवढ्यावर घर सोडलं!’ बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी तोच सिनेमा थिएटरात पाहिला होता. त्यात नवरा तिच्यावर बळजबरी करतो असा एक प्रसंग होता. मारझोड नाही, आरडाओरडा नाही, पण बळजबरी. टीव्हीवरच्या आवृत्तीत तो प्रसंग नव्हता. बळजबरी कापली गेली आणि बाई उतावळी ठरली. मी तो प्रसंग सांगितल्यावर खूप वेळ कुणी बोललं नाही. मग त्याच ताई हळूच म्हणाल्या, ‘असं आपल्याकडे पण असतं की.’ त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या गटात लग्नातल्या बळजबरीवर बोलणं झालं. ज्या दृश्यामुळे ते टीव्हीवरूनच सुरू होऊ शकलं असतं, ते ‘कुटुंबासाठी अयोग्य’ म्हणून गेलं होतं.

मग कात्री चालते कशावर? केंद्र सरकारच्या १९९१च्या मार्गदर्शक सूचना वाचा. स्त्रियांना हीन लेखणारी दृश्यं नसावीत, लैंगिक हिंसाचार टाळावा, कथेला आवश्यकच असेल तर कमीत कमी असावा आणि तपशील नसावेत, असं तिथे लिहिलंय. शब्द आपल्याच चळवळीतले वाटावेत असे. पण व्यवहार? मथुरा प्रकरणावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या त्याच १९८० साली ‘इन्साफ का तराजू’ आला. बलात्काराच्या विरोधात म्हणवणारा आणि बलात्काराची लांबलचक दृश्यं दाखवणारा. तो मंडळाच्या संमतीनेच लागला. उलट २०१७च्या जानेवारीत ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला मंडळाने प्रमाणपत्रच नाकारलं. पत्रात पहिलं कारण होतं की कथा बायकांभोवती फिरणारी आहे आणि त्यात त्यांच्या कल्पना आयुष्याच्या वर जाणाऱ्या आहेत. त्या सिनेमात चार बायकांना काय हवंय याची गोष्ट होती. त्यातली एक पंचावन्न वर्षांची विधवा. अपील न्यायाधिकरणाने थोडं कापायला लावून ‘ए’ दिलं, तेव्हा जुलैमध्ये तो लागला. २०१५ साली जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’मधली चुंबनं निम्मी करण्यात आली, मारामाऱ्या होत्या, बाँड होता, सगळं होतं, फक्त चुंबन अर्धं. त्यावर देश हसला. पण त्यामागचा नियम हसण्यासारखा नाही. हिंसा चालते, जवळीक चालत नाही. आणि बाईची इच्छा तर अजिबात नाही.

हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. अमेरिकेत १९९९ साली किंबर्ली पीअर्स या दिग्दर्शिकेच्या ‘बॉईज डोन्ट क्राय’ला आधी सगळ्यात कडक श्रेणी मिळाली. तिथे ती श्रेणी म्हणजे बहुतेक थिएटरं बंद. तिने नंतर सांगितलं की आक्षेप होता तो एका मुलीच्या चेहऱ्यावरचं सुख फार वेळ दिसतं यावर. त्याच सिनेमातल्या खुनावर आक्षेप नव्हता. तिने ते सुख छोटं केलं, मग सिनेमा लागला.

कधी कधी तर दृश्यही कापावं लागत नाही, नाव पुरतं. दीपा मेहतांचा ‘फायर’ मंडळाने दृश्यं न कापता ‘ए’ देऊन सोडला, पण हिंदी आवृत्तीत एका नायिकेचं ‘सीता’ हे नाव बदलून ‘नीता’ करायला लावलं. दोन जावांचं प्रेम, आणि त्यातली एक सीता, हे पेललं नाही. डिसेंबर १९९८मध्ये मुंबईत थिएटरांवर हल्ले झाले, त्यात शिवसेनेच्या महिला आघाडीच्या बायकाही होत्या. सिनेमा परत मंडळाकडे धाडला गेला आणि १९९९च्या फेब्रुवारीत तसाच पुन्हा लागला. मंडळाने एकदा पास केलेल्या सिनेमाला रस्त्यावरची दुसरी कात्री लागू शकते, हे तेव्हा दिसलं.

आता आपल्याला अवघड जाणारा प्रश्न. कात्री आपणही मागितली आहेच ना? बायकांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६चा कायदा आपल्या मागणीतून आला. अश्लील जाहिरातींना काळं फासायला आपल्यातल्या किती तरी जणी गेल्या. त्या रागाला कारण होतं आणि आजही आहे. पण ‘बँडिट क्वीन’च्या वेळी काय झालं ते आठवू या. गुज्जर समाजातल्या एका गृहस्थांनी याचिका केली, १९९६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सिनेमाचं प्रमाणपत्र रद्द केलं, आणि त्याच वर्षी १ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिलं. न्यायालय म्हणालं की फूलनची नग्न धिंड वासना चाळवत नाही, ती करणाऱ्यांची चीड आणते. आणि ज्या न्यायाधिकरणाने एकमताने ‘ए’ दिलं त्यात तीन स्त्रिया होत्या. हा निकाल चांगलाच आहे. पण या सगळ्यात एका बाईचं म्हणणं बाजूला पडलं. ती म्हणजे स्वतः फूलन देवी. ती जिवंत होती. माझ्यावरचा बलात्कार मला न विचारता पडद्यावर दाखवला, असं म्हणत १९९४ साली ती कोर्टात गेली होती. पुढे तडजोड झाली. मैत्रिणींनो, तिची हरकत आणि त्या गृहस्थांची हरकत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांना समाजाची अब्रू सांभाळायची होती. तिला तिच्या आयुष्यावरचा हक्क हवा होता. आपण बोलायचं ते संमतीबद्दल. अब्रूच्या नावाने आपण कात्री मागितली, तर ती उद्या ‘लिपस्टिक’वर चालते, ‘फायर’वर चालते.

मंडळावर बायका वाढल्या की प्रश्न सुटेल का? २०२४च्या नियमांनुसार मंडळात किमान एकतृतीयांश आणि शक्यतो निम्म्या स्त्रिया हव्यात. हे स्वागतार्ह आहे. पण खुर्चीवर बाई बसली म्हणून निकष आपोआप बदलत नाहीत. महिला आघाडीचं उदाहरण मघाशी सांगितलंच.

वयाच्या श्रेणीला माझा विरोध नाही. २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग केले. पालकांना अंदाज येण्यासाठी हे उपयोगी आहे. श्रेणी म्हणजे माहिती. कात्री म्हणजे निर्णय, आणि तो दुसऱ्यानेच घेतलेला. २०१६ साली श्याम बेनेगल समितीनेही हेच सुचवलं होतं की मंडळाने वयोगट ठरवावा, कापू नये. ते कसं होऊ शकतं याचं आपलं उदाहरण म्हणजे रवी जाधव यांचा ‘न्यूड’. मुलाला शिकवण्यासाठी चित्रकारांपुढे विवस्त्र बसणाऱ्या बाईची गोष्ट. २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून तो सरकारने वगळला. पण २०१८ साली एक फ्रेम न कापता ‘ए’ घेऊन थिएटरात आला. बघायचं की नाही ते प्रौढ माणसांनी ठरवलं. आभाळ कोसळलं नाही.

शेवटी, आपण काय करायचं. एक, मागणी स्पष्ट ठेवू या. श्रेणी द्या, सोबत कारण द्या, पण कापू नका. दोन, कापलंच तर काय कापलं ते प्रेक्षकाला सांगा. १९८३च्या नियमांनी कापलेल्या सिनेमाच्या प्रमाणपत्रावर त्रिकोणाची खूण करायची पद्धत घातली होती. ती खूण आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? खुणेऐवजी सरळ भाषेत लिहा, असं आपण म्हणायला हवं. तीन, ज्या विषयावर पंधरा वर्षांच्या मुलीला बोलतं करायचंय, त्यावरचा ‘ए’ सिनेमा तिला दाखवता येत नाही, हे लक्षात ठेवून किशोरी गटासाठी वेगळं साहित्य आपणच तयार करायला हवं. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२चा कायदा तिच्यासाठीच आहे, पण त्याची गोष्ट तिच्यापर्यंत पोचवायची कशी, हा आपला प्रश्न आहे. आणि चार, पुढच्या वेळी वस्तीत सिनेमा दाखवाल तेव्हा तो आधी स्वतः बघा. कोणती आवृत्ती आहे, किती मिनिटांची आहे ते तपासा. आणि चर्चेत एक प्रश्न नेहमी ठेवा. या गोष्टीत काय नाहीये? बायका उत्तर देतात. न दाखवलेलं ओळखायची सवय त्यांना आपल्यापेक्षा जास्त आहे.